बत्तीस बाइटची किल्ली: सर्व्हरच्या चाचणीत सुरू होणारी जबाबदारी

ऑक्टोबर २०२० मध्ये ई-इनव्हॉइसची सक्ती फक्त पाचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना होती. पुढच्या तीन वर्षांत ही मर्यादा शंभर, पन्नास, वीस, दहा अशी पायरीपायरीने खाली आली आणि १ ऑगस्ट २०२३ ला पाच कोटींवर येऊन थांबली. त्या दिवशी वाळूजच्या एमआयडीसीतला मधल्या फळीचा पुरवठादार, म्हणजे प्रेस शॉप, डाय कास्टिंग किंवा सीएनसी मशिनिंगचं काम करणारा कारखानदार, या नियमाच्या कक्षेत आला. आता सुट्या भागांनी भरलेला टेम्पो गेटबाहेर काढायचा तर बिलाला आधी ६४ अक्षरी आयआरएन क्रमांक मिळवावा लागतो. पोर्टलवर हाताने माहिती भरूनही तो मिळतो. पण दिवसभर बिलं निघत असतील तर हे काम ईआरपी सॉफ्टवेअर परस्पर करतं: कारखान्याचा सर्व्हर सरकारी सर्व्हरशी थेट बोलतो.

या बोलण्याच्या मुळाशी ३२ बाइटची एक गुप्त किल्ली असते. जोडणीची चाचणी चालू असताना ईआरपी बसवणारा अभियंता ती तयार करतो, बहुधा कमांड लाइनच्या काळ्या पडद्यावर एकच ओळ टाइप करून. या कामाला सेकंदही लागत नाही. मात्र ती किल्ली कुठून आली, कुणी पाहिली, कुठे साठवली आणि चाचणी संपल्यावर तिचं काय झालं, या प्रश्नांची उत्तरं फार थोड्या कार्यालयांत मिळतात. जगभरात गेल्या तीस वर्षांत झालेल्या चुका पाहिल्या तर एक गोष्ट स्पष्ट होते. एन्क्रिप्शनचं गणित क्वचितच हरलं आहे. किल्ली तयार करण्यात आणि सांभाळण्यात मात्र मोठमोठ्या कंपन्या चुकल्या आहेत, आणि त्यातल्या कित्येक चुकांची सुरुवात ‘हे फक्त टेस्टिंगसाठी आहे’ या वाक्याने झाली आहे.

गुपितं सांभाळण्याचा विषय वाळूजला परका नाही. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या इथल्या कारखान्याचं उद्घाटन झालं. त्याच्या आधाराने पुरवठादारांची साखळी उभी राहिली, एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक यांच्यासारख्या कंपन्या इथे मोठ्या झाल्या. बजाजनगर, पंढरपूर, रांजणगाव शेणपुंजीच्या आसपासचे छोटे वर्कशॉप त्यांचे पुरवठादार बनले. या साखळीत दर, मात्रा, ड्रॉइंग आणि डिलिव्हरीचं वेळापत्रक ही गुपितं असतात. कोणता पार्ट कोणत्या ग्राहकाला काय भावाने जातो, हे स्पर्धकाला कळलं तर पुढची ऑर्डर हातची जाऊ शकते. ई-इनव्हॉइसमध्ये नेमकी हीच माहिती असते.

पोर्टलशी हस्तांदोलन

ही देवघेव जवळून पाहण्यासारखी आहे. चाचणीसाठी एनआयसी या सरकारी संस्थेने सँडबॉक्स नावाचं वेगळं पोर्टल ठेवलं आहे. तिथे खोटी बिलं पाठवून जोडणी तपासता येते. ईआरपी आपलं युजरनेम, पासवर्ड आणि नुकतीच तयार केलेली ३२ बाइटची ॲप-की एकत्र करतं. मग पोर्टलने जाहीर केलेल्या सार्वजनिक आरएसए किल्लीने हा मजकूर बंद करून पाठवतं. तो उघडणारी खासगी किल्ली फक्त पोर्टलकडे असते. उत्तरादाखल पोर्टल एक टोकन आणि एक सत्र-किल्ली देतं. ही सत्र-किल्ली आपल्याच ॲप-कीने एन्क्रिप्ट केलेली असते. पुढे काही तास, टोकनची मुदत संपेपर्यंत, प्रत्येक बिल त्या सत्र-किल्लीने एईएस-२५६ पद्धतीने बंद होऊन जातं.

याचा अर्थ असा, की ज्याच्या हाती ॲप-की आणि पोर्टलचं ते उत्तर पडलं, त्याला सत्र-किल्लीही मिळाली. यावर टीएलएसचं आणखी एक आवरण असतं, त्यामुळे वाटेत कुणी सहज डोकावू शकत नाही. पण सर्व्हरच्या लॉग फाइलमध्ये दोन्ही गोष्टी उघड्या पडून असतील तर ते आवरण उपयोगाचं नाही, आणि चाचणीच्या काळात लॉगमध्ये सगळं लिहून ठेवण्याची सवय सर्रास असते. खरं तर ही ॲप-की प्रत्येक लॉगिनला नवी तयार करता येते. तरीही अनेक जोडण्यांमध्ये चाचणीच्या दिवशी तयार झालेली किल्ली कोडमध्ये कायमची लिहिली जाते आणि वर्षानुवर्षं तीच चालते.

बिलं एन्क्रिप्ट करण्यासाठी या जोडणीत ईसीबी ही एईएसची सर्वांत साधी रीत वापरली जाते. तिच्यात १६ बाइटचे दोन सारखे तुकडे एन्क्रिप्ट झाल्यावरही सारखेच दिसतात. म्हणून सँडबॉक्ससाठी लिहिलेला तोच कोड उचलून बॅकअप किंवा पगारपत्रकं एन्क्रिप्ट करायला वापरणं चुकीचं आहे. त्या कामासाठी जीसीएमसारखी रीत हवी. ती मजकूर लपवते आणि कुणी त्यात ढवळाढवळ केली असेल तर तेही पकडते.

आधारच्या प्रमाणीकरणातही बांधणी अशीच आहे. दर व्यवहाराला नवी एईएस-२५६ सत्र-किल्ली तयार करायची, ती यूआयडीएआयच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून पाठवायची. चाचणीसाठीचं प्रमाणपत्र वेगळं आणि प्रत्यक्ष वापराचं वेगळं. चाचणी आणि खरा व्यवहार यांच्यामध्ये भिंत हवी, हे तत्त्व आपल्याकडच्या दोन मोठ्या सरकारी व्यवस्थांनी मान्य केलेलं आहे. कारखान्याच्या आतली भिंत मात्र ज्याची त्यानेच बांधायची असते.

एका ओळीत काय घडतं

सर्वांत प्रचलित आज्ञा आहे ‘ओपनएसएसएल रँड -बेस६४ ३२’. ती संगणकाला सांगते: अंदाज बांधता येणार नाही असे ३२ बाइट काढ आणि ते वाचता येतील अशा अक्षरांत दाखव. पडद्यावर ४४ अक्षरं उमटतात, शेवटचं अक्षर बरोबरचं चिन्ह असतं. ‘-बेस६४’ऐवजी ‘-हेक्स’ लिहिलं तर तेच ३२ बाइट ६४ अक्षरांत दिसतात. ३२ बाइट म्हणजे २५६ बिट. शक्य किल्ल्यांची एकूण संख्या ७८ अंकी भरते. एकेक किल्ली लावून बघत ती सापडण्याची शक्यता व्यवहारात शून्य आहे.

हा यादृच्छिकपणा येतो ऑपरेटिंग सिस्टिमकडून. लिनक्सचं कर्नल डिस्क, नेटवर्क कार्ड, कीबोर्ड यांच्याकडून येणाऱ्या संकेतांच्या वेळांमधले सूक्ष्म फरक गोळा करतं, प्रोसेसरमध्ये त्यासाठीची सोय असेल तर तिचीही भर घालतं आणि त्या मिश्रणातून हवे तेवढे बाइट काढून देतं. २०१६ पासून या कामासाठी चाचा२० ही पद्धत वापरात आहे. ‘डेव्ह रँडम’ वापरायचं की ‘डेव्ह यूरँडम’, हा जुना वादही आता संपल्यात जमा आहे. २०२० नंतरच्या कर्नलमध्ये, एकदा संगणक नीट सुरू झाला की, दोन्हींकडून तितकेच भरवशाचे बाइट मिळतात.

वाळूजच्या बऱ्याच कार्यालयांत सर्व्हर विंडोजचा असतो. तिथे पॉवरशेलमधली ‘गेट-रँडम’ ही सोपी आज्ञा चटकन हाताशी येते, पण किल्लीसाठी ती वापरू नये. गुप्ततेच्या दर्जाची हमी ती देत नाही, असा इशारा मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजातच आहे. त्याऐवजी डॉटनेटमधला ‘रँडम नंबर जनरेटर’ किंवा पॉवरशेल ७.४ पासून आलेली ‘गेट-सिक्युअर-रँडम’ वापरावी. ‘गिट फॉर विंडोज’ बसवलेलं असेल तर ओपनएसएसएल त्याच्यासोबतच आलेलं असतं. पायथॉनवाल्यांसाठी ३.६ आवृत्तीपासून ‘सीक्रेट्स’ नावाचं मॉड्यूल आहे. लाराव्हेल वापरणाऱ्यांना ‘पीएचपी आर्टिझन की जनरेट’ ही तयार आज्ञा मिळते. साधनांची कमतरता कुठेच नाही.

पहिली गडबड होते ती अक्षरं आणि बाइट यांची गल्लत झाल्यामुळे. पडद्यावरची ४४ अक्षरं तशीच्या तशी किल्ली म्हणून दिली की प्रोग्राम ‘किल्लीची लांबी चुकीची’ अशी तक्रार करतो. मग घाईत कुणी पहिली ३२ अक्षरं कापून बसवतो. त्रुटी जाते, चाचणी पास होते. पण बेस६४ चं प्रत्येक अक्षर फक्त सहा बिटांचं असतं. त्यामुळे २५६ ऐवजी १९२ बिटांचीच किल्ली उरते. हेक्समधली ३२ अक्षरं कापली तर १२८ बिट राहतात. या दोन्ही किल्ल्या तोडता येण्यासारख्या नाहीत हे खरं, पण कागदावर जे लिहिलंय ते सर्व्हरवर नाही, आणि उद्या दुसऱ्या संगणकाशी मेळ बसवताना हीच तफावत दोन दिवस खाते. दुसरी गडबड आणखी बारीक. ‘एको’ आज्ञेने किल्ली फाइलमध्ये लिहिली तर शेवटी नव्या ओळीचं एक न दिसणारं अक्षर चिकटतं. त्यामुळे ३२ चे ३३ बाइट होतात आणि एकाच किल्लीने एका बाजूला कुलूप लागतं, दुसऱ्या बाजूला उघडत नाही.

जुन्या बॅकअपच्या बाबतीत तिसरा अनुभव येतो. ओपनएसएसएलच्या ‘एन्क’ आज्ञेने पासवर्ड देऊन बंद केलेली २०१६ पूर्वीची फाइल आजच्या आवृत्तीत उघडत नाही. १.१.० आवृत्तीत पासवर्डवरून किल्ली काढण्याची आधीची एमडी५ पद्धत बदलून एसएचए-२५६ आली. फाइल शाबूत असते, पासवर्ड बरोबर असतो, फक्त जुनी पद्धत कोणती हे ‘-एमडी’ पर्यायाने सांगावं लागतं. ही नोंद बॅकअपच्या शेजारी ठेवलेली नसेल तर माणसं डेटा गेला असं समजून हात टेकतात.

अंदाज बांधता आलेल्या किल्ल्या

१९९५ मध्ये बर्कलीच्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅगनर या दोन विद्यार्थ्यांनी नेटस्केप ब्राउझरच्या किल्ल्या फोडल्या. ब्राउझर किल्ली तयार करताना घड्याळातली वेळ आणि प्रोसेसचे क्रमांक एवढ्याच गोष्टी वापरत होता. वेळ साधारण माहीत असेल तर किल्लीही थोड्या प्रयत्नांत मिळत होती.

याहून मोठा धडा डेबियनचा. २००६ मध्ये लिनक्सच्या या वितरणात ओपनएसएसएलच्या कोडमधल्या काही ओळी काढल्या गेल्या, कारण कोड तपासणारं एक साधन त्यांच्याबद्दल इशारे देत होतं. त्या ओळींबरोबर यादृच्छिकपणाचा जवळजवळ सगळा साठाच गेला. उरला तो प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी सुमारे ३२ हजार शक्यता. मे २००८ मध्ये लुसियानो बेल्लो यांनी ही चूक शोधेपर्यंत डेबियन आणि उबंटूवर तयार झालेल्या असंख्य एसएसएच आणि एसएसएल किल्ल्या कच्च्या निघाल्या. आज्ञा बरोबर होती, माणसं दक्ष होती, किल्ल्या दिसायला ठणठणीत होत्या. एखादी किल्ली पाहून ती पक्की आहे की कच्ची हे ओळखता येत नाही. म्हणूनच साधन अद्ययावत असणं अनिवार्य ठरतं.

२०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून तपासल्या. टीएलएस वापरणाऱ्या यंत्रांपैकी ०.५० टक्के यंत्रांच्या खासगी आरएसए किल्ल्या त्यांना नुसत्या गणिताने काढता आल्या. त्यात भरणा होता तो राउटर, फायरवॉल यांसारख्या छोट्या उपकरणांचा. ही उपकरणं पहिल्यांदा चालू होताच, पुरेसा यादृच्छिकपणा जमा होण्याआधीच, किल्ली तयार करत होती. आज शॉप फ्लोअरवरच्या मशिनना जोडलेले आयओटी गेटवे याच जातकुळीतले आहेत. एकाच डिस्कची नक्कल करून दहा व्हर्च्युअल सर्व्हर उभे करताना आतल्या किल्ल्यांचीही नक्कल होते, हेही इथेच लक्षात ठेवायला हवं.

उसन्या किल्ल्या

वाहन उद्योगावर जगणाऱ्या गावाने २०२२ चं एक प्रकरण मुद्दाम वाचावं. ह्युंदाईच्या एका गाडीच्या मालकाने तिच्या डॅशबोर्डवरच्या इन्फोटेनमेंट यंत्रणेत स्वतःचं सॉफ्टवेअर चढवून दाखवलं. तो स्वतः प्रोग्रामर होता. त्याला आढळलं की अपडेटची फाइल एन्क्रिप्ट करण्यासाठी वापरलेली एईएस किल्ली ही अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत उदाहरण म्हणून छापलेली किल्ली होती. सहीसाठीची आरएसए किल्लीही इंटरनेटवरच्या एका शिकवणीतल्या उदाहरणातून आलेली निघाली. शिकण्यासाठी उतरवून घेतलेली अक्षरं प्रत्यक्ष गाडीत जाऊन बसली होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने असाच इशारा दिला. एएसपी डॉटनेटच्या ३,००० हून अधिक मशीन-की दस्तऐवजांत आणि कोडच्या भांडारांत जाहीरपणे उपलब्ध होत्या. प्रोग्रामरनी त्या जशाच्या तशा आपल्या सर्व्हरवर चिकटवल्या होत्या. अशा एका किल्लीचा आधार घेऊन डिसेंबर २०२४ मध्ये सर्व्हरवर हल्ला झाल्याचंही कंपनीने नोंदवलं. महाराष्ट्रात कार्यालयीन सॉफ्टवेअरचा मोठा वाटा डॉटनेटवर आहे, त्यामुळे हा इशारा थेट आपल्यासाठीही आहे.

तिसरं उदाहरण जुलै २०२४ मधलं. संगणक सुरू होतानाची सुरक्षा ज्या मूळ किल्लीवर उभी असते, ती शेकडो मॉडेलांमध्ये चाचणीचीच राहून गेल्याचं बायनर्ली या संस्थेने दाखवलं. एएमआय कंपनीने निर्मात्यांना नमुन्यादाखल दिलेल्या या किल्लीच्या नावातच ‘विश्वास ठेवू नका’ असं लिहिलेलं होतं. नामांकित निर्मात्यांनी ती न बदलता यंत्रं विकली आणि दरम्यान तिची खासगी बाजू गिटहबवर फुटली. नावात लिहिलेला इशाराही जिथे कामी आला नाही, तिथे ‘नंतर बदलू’ या आश्वासनावर किती विसंबायचं?

बाहेर पडलेल्या किल्ल्या

किल्ली पक्की असली तरी ती फुटू शकते. टोयोटाच्या एका सबकॉन्ट्रॅक्टरने टी-कनेक्ट सेवेच्या कोडचा काही भाग डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर चुकून सर्वांसाठी खुला ठेवला. त्यात डेटा सर्व्हरची प्रवेश-किल्ली होती. ही गोष्ट लक्षात यायला सप्टेंबर २०२२ उजाडला. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक उघडे राहिल्याची जाहीर माफी टोयोटाला मागावी लागली. चूक पुरवठादाराकडून झाली आणि नाव मात्र मूळ कंपनीचं गेलं. वाळूजमधल्या प्रत्येक पुरवठादाराने हे प्रकरण आपल्या ग्राहकाच्या जागी बसून वाचायला हवं, कारण पुढच्या ऑडिटमध्ये ग्राहक हाच प्रश्न विचारणार आहे. असे प्रसंग विरळ नाहीत. गिटगार्डियन या कंपनीच्या मोजणीनुसार एकट्या २०२४ मध्ये गिटहबवर सुमारे २ कोटी ३८ लाख नवी गुपितं उघडी पडली. फेब्रुवारी २०२४ पासून गिटहब सार्वजनिक भांडारांत किल्ली चढवताना आपणहून अडवू लागलं आहे, पण ओळखीच्या नमुन्याच्याच किल्ल्या त्याला कळतात. ३२ अनोळखी बाइट त्याच्या नजरेतून सुटू शकतात.

कारखान्यातल्या वाटा अधिक साध्या असतात. ईआरपीवाला किल्ली व्हॉट्सॲपवर पाठवतो. अकाउंट्सवाला ती एक्सेलमध्ये पासवर्डांच्या यादीत टाकतो. सर्व्हरवर आज्ञेतच पासवर्ड लिहिला तर तो कमांडच्या इतिहासात साठून राहतो, आणि आज्ञा चालू असताना त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या वापरकर्त्यालाही ‘पीएस’ आज्ञेने दिसू शकतो. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. किल्ली पडद्यावर न दाखवता थेट फाइलमध्ये उतरवावी, ती फाइल आधीच ‘यूमास्क ०७७’ लावून तयार करावी म्हणजे मालकाशिवाय कुणाला वाचता येणार नाही, आणि कोडमध्ये किल्ली न लिहिता फक्त त्या फाइलचा पत्ता लिहावा.

किल्ली कशी सांभाळावी याचा नमुना कारखान्याच्या ड्रॉवरमध्येच पडलेला असतो. ई-निविदा आणि कंपनी कायद्याखालच्या नोंदींसाठी लागणाऱ्या डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनमध्ये खासगी किल्ली आतच तयार होते आणि बाहेर काढता येत नाही. सही हवी तर मजकूर टोकनमध्ये जातो, किल्ली जागची हलत नाही. मोठ्या कंपन्या हीच गोष्ट एचएसएम यंत्राने किंवा क्लाउडच्या की-मॅनेजमेंट सेवेने साधतात. दुर्दैवाने तेच टोकन पिनच्या चिठ्ठीसकट दुसऱ्याच्या कार्यालयात ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे, आणि त्यामुळे यंत्राने दिलेली सगळी सुरक्षा वाया जाते.

चाचणी कुठे संपते

चाचणीच्या किल्लीला कमी लेखण्यामागे एक गृहीतक असतं: चाचणी सर्व्हरवर खरं काही नसतं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी चाचणीसाठी चालू डेटाबेसचीच प्रत उतरवली जाते, कारण खोटा डेटा तयार करायला वेळ नसतो. त्या प्रतीत ग्राहकांचे दर असतात, कंत्राटी कामगारांचे आधार क्रमांक असतात, बँक खाती असतात. त्या क्षणी चाचणीची किल्ली ही खऱ्या माहितीची किल्ली बनते.

कायदाही चाचणी आणि प्रत्यक्ष वापर असा भेद करत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात. युरोपला वाहनं पाठवणाऱ्या साखळीत आर१५५ या नियमामुळे जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीच्या सायबर सुरक्षेचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो हिशेब पुरवठादारापर्यंत पोहोचतो.

किल्ली बदलतानाही सावध राहायला हवं. ई-इनव्हॉइसची ॲप-की केव्हाही बदलली तरी काही बिघडत नाही. साठवलेल्या डेटाची किल्ली मात्र जुन्या फाइली नव्याने एन्क्रिप्ट होईपर्यंत जपावीच लागते, नाहीतर आपलाच बॅकअप आपल्याला परका होतो. पुढच्या काळासाठी एनआयएसटीने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकांना पुरून उरतील अशी नवी मानकं जाहीर केली आणि एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३.५ ने ती स्वीकारली. ती आरएसएसारख्या पद्धतींची जागा घेतील. २५६ बिटांची एईएस किल्ली त्या काळातही पुरेशी मानली जाते.

ई-इनव्हॉइसची जोडणी २०२३ च्या घाईत उरकलेल्या प्रत्येक कारखानदाराने ईआरपी बसवणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. आपली किल्ली याच सर्व्हरवर तयार झाली की कुठून उतरवली? चाचणीची आणि रोजच्या वापराची किल्ली वेगळी आहे का? आणि आज ती किल्ली कोण कोण वाचू शकतं? मसिआ आणि सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनांनी हे प्रश्न आपल्या सभासदांपुढे ठेवले तर लहान युनिटलाही ते विचारण्याचं बळ येईल. तिन्हींपैकी एकाचंही उत्तर अडखळत आलं तर त्याच दिवशी, त्याच सर्व्हरवर नवी किल्ली तयार करून घ्यावी.